रविवारचा धूर

माझ्या बहिणीचा नवरा विबे टोल्समा बटाटासुद्धा असा कापायचा, जणू त्यातून पान कोरून काढायचंय. रेन्स्के, म्हणजे माझी बहीण, वैतागून म्हणायची, "अरे, बटाटा आहे तो. खा. त्याला कुणी बाजारात मांडणार नाहीये."

पंधराव्या वर्षी बापाबरोबर हॉलंडमधलं फ्रिसलंड सोडून तो अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला आला आणि लगेच फर्निचरच्या कारखान्यात, कोरीवकामाच्या खोलीत झाडू मारायला लागला. मग कुणीतरी हातात पटाशी दिली. पुढचा सगळा जन्म त्यानं सिंहाचे पंजे कोरले, द्राक्षांचे घोस कोरले, कपाटांच्या माथ्यावरच्या वेली कोरल्या. त्याच्या वेलीचं पान टोकाकडे जरा उलटं वळायचं, वाऱ्यानं वळावं तसं. खोलीतले लोक म्हणायचे, टोल्समाच्या पानाला हवा लागते.

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र कोरलेलं एकही लाकूड नव्हतं. ते रेन्स्केनं येऊ दिलं नाही. लग्नाआधी ती टेकडीवरच्या मोठ्या घरांमध्ये साफसफाईला जायची. "काडीला फडकं गुंडाळून मी द्राक्षांतली धूळ काढलीय," ती सांगायची. "देवानं द्राक्षं खायला केली आणि माझ्या नवऱ्यानं पुसायला."

मी त्यांच्याकडेच राहायचे. माझं लग्न झालं नाही, त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या आणि वरची खोली रिकामी होती. शिवाय मी त्याच कारखान्यात कामाला होते. लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे नक्षी जुळवून शेजारी शेजारी ठेवायचे आणि ओल्या कागदी पट्टीनं जोडायचे, हे तिथे आम्हा बायकांचं काम. मग साध्या लाकडावर सरस लावून त्यावर तो पापुद्रा चढवायचा, की वरून सगळं अक्रोडाचं दिसतं. त्यामुळे पुढे जे झालं ते मी घरातूनही पाहिलं आणि कारखान्यातूनही.

मंदी आली तेव्हा कोरीवकामाच्या खोलीतली माणसं सगळ्यांत आधी गेली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते काहीच घेत नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांना पंजे नको झाले होते. दोन हिवाळ्यांत खोली ओस पडली. बोटांच्या नुसत्या जोरावर गुलाबाची पाकळी कोरणारे लोक शहराच्या कामावर रस्त्यातला बर्फ ओढायला जाऊ लागले. हातमोजे नसले की हातात पायमोजे घालून जायचे. विबे तेवढा उरला होता. खुर्च्यांचे मोडके पाय जोडत तो त्या मोठ्या खोलीत एकटा बसायचा आणि दुपारी डबा खायला खाली आमच्यात यायचा, कारण वर त्याला स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू यायचा म्हणे.

अशात मालकांनी शिकागोहून प्रेंटिस नावाच्या माणसाला बोलावलं. हा सुतार नव्हता. इस्त्र्या, रेडिओ, दुकानातले वजनकाटे यांचे बाहेरचे आकार आखून देणं हा त्याचा धंदा. असा धंदा असतो हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं. रबरी तळाचे बूट घालून तो आवाज न करता फिरायचा, आमच्या बाकांशी थांबून पापुद्र्यावर बोट फिरवायचा आणि आभार मानून पुढे जायचा. त्यानं मातीचा एक लहान नमुना करून आणला होता, कप्प्यांच्या कपाटाचा. त्याला कडाच नव्हत्या. माथा पुढे येऊन खाली असा वळत होता, जसं भरलेल्या बादलीतून पाणी सांडावं. कोपरे गोल, मुठी नाहीत, खाली नुसती एक काळी पट्टी.

"हे कपाट आहे की साबणाची वडी?" विबे म्हणाला.

प्रेंटिस हसला. "लोक आता विमानं बघतात, सुसाट गाड्या बघतात. घरी आल्यावर त्यांना सिंहाचा पंजा कशाला लागतो, मिस्टर टोल्समा?"

"निदान सिंह तरी बघायला मिळायचा."

घरी रेन्स्केनं सगळं विचारून घेतलं. कपाटाला खाचा नाहीत? घोस नाहीत? एक हात फडकं फिरवलं की झालं? "हा माणूस देवमाणूस आहे," ती म्हणाली. विबे तिच्याकडे बघत राहिला. सबंध आयुष्य आपण जे केलं त्याचा आपल्या बायकोला किती कंटाळा होता, हे त्याला त्या दिवशी पुरतं कळलं असावं. पण ती चेष्टेत बोलली होती, आणि तिच्या चेष्टेपुढे तो नेहमी मान खाली घालायचा, तशी त्यानं घातली.

दुसऱ्या दिवशी फोरमन काल्सबेकनं त्याला बोलावलं. काल्सबेक आठवडाभर आमचा फोरमन आणि रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे डोमिनीच्या, आमच्या पाळकाच्या, शेजारी पुढच्या बाकावर बसणारा. त्यामुळे त्याच्याशी बोलताना नेमकं कुणाशी बोलतोय, हे आधी ठरवावं लागायचं.

"त्या वळणाला साचा लागेल," काल्सबेक म्हणाला. "आतला आणि बाहेरचा. दोघांच्या मध्ये पापुद्रा दाबला की तो वळला पाहिजे, फाटता कामा नये. तुझ्याइतका हात आता कुणाचा उरलेला नाही. जानेवारीच्या फर्निचर बाजारात हा नमुना उभा राहिला तर तू साचेवाला म्हणून कायमचा राहशील."

"आणि नाही राहिला तर?"

"तर वरच्या खोलीला मालक कुलूप लावणार आहेत. एका माणसासाठी ती गरम ठेवत नाहीत."

विबे तेव्हा बावन्न वर्षांचा होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर तिशीतली माणसं रोज सकाळी उभी असायची आणि कुणी त्यांना आत बोलावत नव्हतं.

त्यानं साचा केला. रंध्यानं, मग कानशीनं, मग काचेच्या तुकड्यानं, मग नुसत्या तळहातानं. सुरुवातीला तोंड वाकडं करून करत होता. मग एक दिवस डबा खायला आला तेव्हा मला म्हणाला, "टेट, गंमत आहे बघ. वेलीत चूक झाली तर मी तिथे एक पान वाढवायचो. इथे लपवायला जागाच नाही." त्यानंतर तो जेवताना टेबलाच्या कडेवरून उगाच हात फिरवायचा. रेन्स्केनं मला डोळ्यांनी खुणावलं. तिला वाटत होतं की आता सुटलो.

आमच्या कारखान्यात एक जुना नियम होता, शनिवारी सरस लावायचा नाही. मालक डच नव्हते, पण कामकरी झाडून सगळे आमच्या मंडळीतले, रविवारी काम करणं पाप मानणारे, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी बॉयलरचा विस्तव राखेखाली दाबून ठेवायचा आणि मध्यरात्र उलटून सोमवार लागल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. रविवारी कारखाना थंडगार. ओला सरस त्या थंडीत गोठला तर धरत नाही. म्हणून शनिवारी फक्त सुकं काम. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पोरंसुद्धा ऐकून शिकायची.

त्या जानेवारीत बाजार बुधवारी उघडणार होता. देशभरचे खरेदीदार गाड्या भरभरून येणार, मजल्यामजल्यावर माल मांडला जाणार. आणि गुरुवारी प्रेंटिसला वळण पसंत पडेना. जरा जास्त गोल हवं. विबेनं शुक्रवारी साचा पुन्हा घासला. शनिवारी दुपारी काल्सबेक म्हणाला, "लावा सरस."

"शनिवार आहे," विबे म्हणाला.

"मला दिवस कळतो. सोमवारी लावला तर मंगळवारी पॉलिश कधी होणार? लावा."

मी स्वतः जोडलेला अक्रोडाचा पापुद्रा त्यांनी साच्यात घातला. सरसाचं भांडं वाफाळत होतं, त्याचा तो उकळलेल्या खुरांचा वास सगळीकडे भरला होता. शिकंजे आवळताना विबेच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मग तो खाली बॉयलरखोलीत गेला. मीही मागून गेले, दोघांना घरी जायचंच होतं. बॉयलरवाला डौवे हॉयत्सेमा फावड्यानं राख ओढत होता. डौवे आमच्या शेजारच्याच गल्लीतला, चार लहान पोरांचा बाप, मोठ्या आवाजाचा माणूस.

"डौवे, आज जरा जास्त भर."

"शिगोशीग भरतोय. अजून घातला तर दार लागणार नाही. का रे, तुझं बाळ वर झोपलंय ना?"

"उद्या दुपारी एकदा येऊन ढवळशील?"

डौवेनं फावडं टेकवलं. "रविवारी मी बॉयलरला हात लावू? तू लावशील?"

"नाही."

"मग मला का विचारतोस?" असं म्हणून तो हसला आणि विबेच्या पाठीवर कोळशाचा पंजा उमटवून दिला. "जा घरी. माझ्या विस्तवावर भरवसा ठेव."

रविवारी सकाळच्या उपासनेला जाताना नाकातले केस गोठत होते. चर्चमध्ये डोमिनीच्या प्रवचनाच्या मध्यावर सगळे पेपरमिंटच्या गोळ्या तोंडात टाकतात, तेव्हा रेन्स्केनं विबेपुढे गोळी धरली. त्यानं ती घेतली आणि मुठीतच ठेवली. घरी आल्यावर कॉफी झाली, आदल्या दिवशी सोललेले बटाटे चढले, सूप वाढलं. खिडकीच्या काचेला आतल्या बाजूनं बर्फ धरला होता आणि विबे त्याकडे बघत होता.

"गोठणार," तो म्हणाला.

"भावजी, शिकंजे तर घट्ट आवळलेत," मी म्हणाले.

"शिकंज्यानं ऊब येत नाही, टेट."

रेन्स्केनं चमचा खाली ठेवला. "शब्बाथाला, विश्रांतीच्या दिवशीसुद्धा, बैल विहिरीत पडला तर काढावा, असं प्रभूच म्हणालाय."

"कपाट म्हणजे बैल नाही."

"बैल गेला तर शेतकऱ्याच्या घरात काय होतं? मग हे कपाट गेलं तर आपल्या घरात काय होईल, सांग."

त्यानं सूपचा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाला, "बॉयलर ढवळला तर धूर निघेल. दुपारी सगळी मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर उभी असणार, आणि समोर आपल्या कारखान्याच्या चिमणीतून धूर. तिथेच सगळ्यांना कळेल."

म्हणजे त्याची अडचण विस्तवाची राहिलीच नव्हती, धुराची होती. हे त्याच्या लक्षात आलं नाही. रेन्स्केच्या लगेच आलं. ती उठली आणि माळ्यावर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात आमच्या आईच्या दोन पायशेगड्या होत्या. लाकडाची लहान पेटी, झाकणाला चांदणीसारखी भोकं, आत मातीचं भांडं. त्यात निखारे घालून जुन्या काळी बायका चर्चमध्ये पायाखाली घेऊन बसायच्या.

"आपली चूल पेटलेलीच आहे," ती म्हणाली. "ती काही आपण आज वेगळी पेटवलेली नाही. त्यातले निखारे उचलायचे. निखाऱ्याला धूर नसतो."

"रस्त्यात कुणी बघितलं तर?"

"आजाऱ्याला शेक नेतोय म्हणायचं. तेवढं तर रविवारी चालतं."

दोन्ही शेगड्या टोपलीत ठेवून वर तिची शाल टाकून तो बाहेर पडला. साचा करताना त्याला बाजूच्या दाराची किल्ली मिळाली होती. दुपारच्या उपासनेची घंटा व्हायच्या आत तो परतला. टोपली रिकामी होती आणि चेहरा मातीसारखा.

"कोपऱ्यावर डौवेची बायको यांके भेटली. कुणाला काय झालंय विचारत होती."

"मग?"

"म्हटलं एक म्हातारी आहे, पाय गारठलेत तिचे. तर म्हणाली, देव तुझं भलं करो, विबे."

दुपारच्या उपासनेत त्यानं डोळे मिटले ते उपासना संपेपर्यंत उघडलेच नाहीत.

सोमवारी उजाडता उजाडता शिकंजे सोडले. मला पापुद्रेखोलीतून खाली बोलावलं होतं, काही निघालं तर ओल्या पट्टीनं धरायला. साचा उचलला. वळणाच्या बरोब्बर मध्यावर, हाताच्या तळव्याएवढ्या दोन जागी, पापुद्रा फुगून वर आला होता आणि लांब चिरला होता. त्यातून खालचं पांढरं लाकूड दिसत होतं. बाकीचं सगळं, दोन्ही टोकांना आणि वरती, घट्ट होतं. टिचकी मारली तर दगडासारखा आवाज येत होता.

विबेनं आधी एका टोकाला टिचकी मारली, मग दुसऱ्या. मग त्या दोन जागांकडे पाहिलं. मला काही सांगायची गरज नव्हती. पापुद्र्यांच्या खोलीत जन्म गेलेल्या बाईला एवढं कळतं. थंडीनं काहीच बिघडलं नव्हतं. डौवेचा विस्तव पुरला होता. शेगड्या जिथे ठेवल्या होत्या तिथेच सरस पुन्हा पातळ होऊन वाहून गेला होता.

काल्सबेक धापा टाकत आला. मागोमाग मालकांचा मुलगा आणि प्रेंटिस. काल्सबेकनं कपाटाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "थंडीनं झालं. होय ना, विबे?"

विबे त्याच्याकडे पाहत राहिला.

"थंडी होती ना?"

"थंडी होती," विबे म्हणाला.

प्रेंटिस चिरेवर बोट फिरवून म्हणाला, काही हरकत नाही, लांबी भरा, घासा आणि वर हस्तिदंती रंगाच्या लाखेचा थर द्या. माझा पापुद्रा रंगाखाली गेला. बुधवारी ते कपाट दिव्यांखाली उभं राहिलं तेव्हा दुधाच्या सायीसारखं दिसत होतं. खरेदीदार त्यावरून हात फिरवत जायचे आणि परत यायचे. मागणी आली. बरीच आली. विबे साचेवाला झाला. त्या रात्री रेन्स्केनं कॉफीत खरी साय घातली. विबेनं अर्धा पेला ठेवून दिला.

मग मालकांचं ठरलं. एवढी मागणी आहे तर एकही दिवस वाया घालवायचा नाही, शनिवारीसुद्धा सरस लागेल आणि नमुन्यासारखं पुन्हा होऊ नये म्हणून बॉयलर रविवारीही चालू राहील. काल्सबेकनं हे डौवेला खाली जाऊन सांगितलं. डौवेनं नाही म्हटलं. काल्सबेक म्हणाला, मलाही आवडलेलं नाही, पण मालकांचा हुकूम. डौवेनं पुन्हा नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. टोपी हातात, आवाज गेलेला.

"विबे, मला खरं सांग. थंडीनं गेलं का ते? मी डोळ्यांसमोर आणून बघतोय. शिगोशीग भरलं होतं मी. पहाटे आलो तेव्हा तळाशी लाल होतं अजून."

विबे चुलीकडे तोंड करून बसला होता.

"माझी चूक असेल तर मी भोगीन," डौवे म्हणाला. "पण नसेल तर तू फोरमनकडे एक शब्द टाक. सरसाचं तुला कळतं. तू म्हणालास की रविवारचा गारवा चालतो, आजवर चालत आला, तर ते ऐकतील. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. चार पोरं आहेत रे माझी."

विबेचे ओठ हलले. मी पाहिलं. अजून एक क्षण मिळता तर तो बोलला असता असं मला वाटतं. पण रेन्स्के किटली घेऊन दोघांच्या मध्ये आली.

"त्याला बॉयलरचं काय कळतंय, डौवे? त्याला विचारलं, त्यानं थंडी होती म्हणून सांगितलं. थंडी नव्हती का? माझ्या खिडकीला आतून बर्फ होता. कॉफी घे."

डौवेनं कॉफी घेतली नाही. दारात थांबून म्हणाला, "मग माझंच काहीतरी चुकलं असेल." आणि गेला.

रेन्स्केनं किटली ठेवली आणि टेबल पुसायला घेतलं. ते स्वच्छ होतं. "बघू नकोस माझ्याकडे," ती म्हणाली. विबे पाहतच नव्हता. "वरच्या खोलीतल्या माणसांनी हातात पायमोजे घातलेले मी बघितलेत. तुझ्या हातात मी ते घालू देणार नाही."

पुढच्या आठवड्यात बॉयलरवर दुसरा माणूस आला, नदीपलीकडचा, आमच्या मंडळीबाहेरचा. त्या रविवारी प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि वर केल्या तेव्हा चर्चच्या पश्चिमेच्या खिडकीत आमच्या चिमणीचा धूर सरळ वर चढत होता. डोमिनीनं मालकांच्या मनाला पाझर फुटावा म्हणून प्रार्थना केली. डौवे, यांके आणि चार पोरं आमच्या पुढच्या ओळीत होती. धाकटी पोर मान वळवून धुराकडे बघत होती, तिला यांकेनं सरळ बसवलं. विबेनं मात्र उपासना संपेपर्यंत नजर खिडकीवरून हलवली नाही.

त्यानंतर प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्यात भाकर आणि द्राक्षारस घ्यायला बाकावरून उठून पुढे मेजाशी जावं लागतं, आणि मनात न कबूल केलेलं पाप असलं तर जायचं नसतं. विबे उठला नाही. रेन्स्के एकटी गेली. परत येऊन बसली तेव्हा तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते.

भोजनाला न आलेल्याच्या घरी वडील येतात. आमच्याकडे काल्सबेक आला, काळ्या कोटात. बैठकीच्या खोलीत पाठ ताठ ठेवून बसला.

"विबे, मंडळी विचारतेय. तब्येत बरी नव्हती का?"

"तब्येत बरी होती." विबेनं हात गुडघ्यांवर ठेवले. "काल्सबेक, त्या रविवारी मी..."

"पोटात दुखत असेल," काल्सबेक म्हणाला.

"पोटात नाही. मी साच्याच्या खोलीत..."

"ऐक." काल्सबेकचा आवाज एकदम खाली गेला, आणि तो आता फोरमनचा होता. "सोमवारी साच्याखाली थोडी राख होती. मी बुटानं बाजूला सारली. शनिवारी सरस लावा म्हणून मी सांगितलं होतं, हे मालकांना ठाऊक आहे. थंडीनं गेलं तर ते रविवारच्या रीतीवर जातं. आगीनं गेलं तर तुझ्यावर जातं, आणि मग माझ्यावर. माझ्याही घरात माणसं आहेत. मला काही ठाऊक नाही. तुलाही नाही."

"डौवे?"

"डौवेला धर्मादाय मंडळ बटाट्याचं पोतं पाठवतंय." तो उठला. मग पुन्हा वडिलाच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या वेळी मेजाशी ये, भाऊ. देव क्षमाशील आहे." त्यानं प्रार्थनाही केली. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या.

त्यानंतर विबे बोलायचाच थांबला. कारखान्यात साचे करायचा, पलंगाचा, आरशाच्या मेजाचा, सगळे गोल, सगळे नितळ. त्याच्याइतकं वळण कुणाला जमत नाही असं प्रेंटिस सांगायचा. घरी बटाटा तो आता चार घावांत कापायचा आणि गिळायचा. पटाश्या त्यानं तेल न लावता खोक्यात टाकल्या, त्यांना गंज चढला. रेन्स्के म्हणाली, जपून ठेव, कधीतरी लागतील. त्यानं मान हलवली ती हो की नाही ते कळलं नाही.

हिवाळा सरत नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी यांके आमच्याकडे आली. ते लोक आता तळघरातल्या एका खोलीत राहायला गेले होते. तिच्या अंगावर डौवेचा कोट होता. विबे कामावरून नुकताच आला होता, बूट काढत होता.

"रेन्स्के, मागायला लाज वाटते," ती म्हणाली. "धाकटीचे पाय रात्रभर गार असतात. वरच्या मजल्यावरची बाई रोज थोडे निखारे देईन म्हणते, पण ठेवू कशात? तुमच्याकडे पायशेगड्या आहेत ना? त्या रविवारी विबे म्हातारीला नेत होता त्या."

रेन्स्के जागची हलली नाही. शेवटी मीच माळ्यावर जाऊन त्या आणल्या. विबेनं त्या सोमवारी त्या घरी आणल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता.

यांकेनं एक शेगडी मांडीवर घेतली आणि मायेनं झाकणावरून हात फिरवला. झाकणावर एका बाजूला पिवळट काहीतरी ओघळून टणक झालं होतं, चांदणीची दोन भोकं त्यानं बुजली होती. तिनं ते नखानं खरवडलं. नाकाशी धरलं. चौदा वर्षं जिचा नवरा त्या कारखान्यातून घरी येत होता, त्या बाईला तो वास सांगावा लागत नाही.

"म्हातारी बरी आहे का?" तिनं विचारलं. ती विबेकडे बघत होती.

विबेच्या एका हातात बूट तसाच होता. "म्हातारी नव्हती, यांके," तो म्हणाला.

ती बसून राहिली. चुलीत कोळशाचं एक ढेकूळ फुटलं. मला वाटलं ती शेगडी फेकून मारेल, किंवा किंचाळेल, किंवा निदान काही विचारेल. विबेलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं चेहरा वर केला आणि तसाच धरून ठेवला. कित्येक आठवड्यांत त्यानं कुणाकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

यांके उठली. दोन्ही शेगड्या तिनं कोटाच्या आत, पोटाशी धरल्या. कोटाची बटणं तिला लावता येईनात, दोन्ही हात गुंतलेले. रेन्स्के पुढे झाली आणि तिनं ती एकेक करून लावून दिली, खालपासून वरपर्यंत.

"निखारे आताच घालून देऊ?" रेन्स्केनं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"घाल," यांके म्हणाली. "पोरीचे पाय गार आहेत." आणि तिनं नुकतीच लावलेली बटणं पुन्हा काढायला घेतली.